पुण्यातली जुनी गाडी सावंतवाडीत बसून घ्यावी का?

सावंतवाडीच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, म्हणून छोटी पेट्रोल गाडी हवी आहे. पुण्यातल्या एका मालकाची डिसेंबर 2018 ची हॅचबॅक त्यांना ऑनलाइन दिसली. 41,000 किलोमीटर, एकच मालक, किंमत 4 लाख 65 हजार, फोटो चकाचक. रजा मिळत नाही आणि पुण्यात जवळचं कोणी नाही. मालक म्हणतो, नाशिकची पार्टी रविवारी बघायला येते आहे, आज 20,000 टोकन टाका, गाडी तुमच्यासाठी थांबवतो. टाकावेत का? शिवाय म्हापशाला गोवा पासिंगची तशीच गाडी 40,000 ने स्वस्त मिळते आहे, तिचं काय?

ताई, आज 20,000 टाकू नका. गाडी खराब आहे असं माझं म्हणणं नाही, कदाचित ती उत्तमही असेल. पण तुमच्या हातात अजून फोटोंशिवाय काही आलेलं नाही, आणि नुसत्या फोटोंवर टाकलेला विसार परत मिळवताना लोकांची काय फरफट होते ते मी बघत आलो आहे.

मी पुण्यात जुन्या गाड्या तपासून देतो. आधी नऊ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यानंतरची बारा वर्षं फक्त तपासणी. माझं निम्मं काम बाहेरगावच्या लोकांचं आहे: लातूर, जळगाव, रत्नागिरी, काही परदेशात असलेली मुलं जी इथल्या आईवडिलांसाठी गाडी घेतात. यातल्या बहुतेकांनी गाडी घरी आल्यावरच पहिल्यांदा पाहिली आणि ती नीट चालते आहे. त्यामुळे न बघता गाडी घेणं मुळातच चूक आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही स्वतः पाहिली नाही तरी चालेल. मात्र तुमच्या बाजूच्या कोणीतरी तिच्याखाली आडवं होऊन पाहायला हवं, आणि तोपर्यंत मोठी रक्कम तुमच्या खात्यातून हलता कामा नये.

पहिली गोष्ट गाडीचा नंबर. जाहिरातीत नंबरप्लेट झाकलेली असेल तर मागून घ्या. जो माणूस गाडी विकायला निघाला आहे त्याला नंबर द्यायला अडचण काय? का-कू करत असेल तर तिथेच विषय संपवा. नंबर मिळाला की सरकारच्या एमपरिवाहन अॅपवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्ज आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, म्हणून आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि सोबत मालकाचं ओळखपत्र मागा. ‘गाडी माझ्या मेव्हण्याच्या नावावर आहे’, ‘वडील वारले, अजून नाव बदललं नाही’, ‘मी दोन वर्षांपूर्वी घेतली पण ट्रान्स्फर राहून गेली’, ही वाक्यं या धंद्यात रोज ऐकू येतात. यातली काही खरीही असतात. तरी ज्याच्या नावावर गाडी आहे तो स्वतः सही करायला हजर नसेल, तर दुरून व्यवहार करू नका. वारस म्हणून नाव लावण्याची रीतसर सोय आहे. आधी त्यांनी ते काम उरकावं, मग विकावी.

आरसीवर गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही असतं. तुमच्या गाडीची नोंदणी डिसेंबर 2018 ची आहे, पण ती कारखान्यातून त्याच वर्षी जानेवारीत निघालेली असू शकते. तसं असेल तर किंमत ठरवताना ती जवळपास वर्षभर जुनी धरा. दुसरं म्हणजे ही गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणजे तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट मागाहून बसवून घ्यावी लागते. ती बसवलेली नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं. फोटोत प्लेटवर डाव्या कोपऱ्यात निळं चक्राचं होलोग्राम दिसतं का, बघा. प्लेट नसेल तर मालकालाच आधी बसवून घ्यायला सांगा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. पुण्यातल्या गाडीवर दोन-चार हजारांची चलनं निघणं काही विशेष नाही. ती कोण भरणार एवढं आधी ठरवा.

आता विम्याची पॉलिसी. लोक फक्त मुदत बघतात, पण माझी नजर आधी ‘नो क्लेम बोनस’च्या ओळीवर जाते. सलग पाच वर्षं दावा न करणाऱ्याला हा बोनस 50 टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला की साधारणपणे शून्यावर येतो. सात वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर हा आकडा शून्य किंवा 20 टक्के दिसला, तर मागच्या एक-दोन वर्षांत काहीतरी घडलं आहे. काय घडलं ते मालकाला सरळ विचारा. बंपर घासला असेल तर तो सांगून टाकेल. एक सावधानता मात्र ठेवा: हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मालकाने तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो, म्हणून 50 टक्के दिसले म्हणजे गाडीला कधी धक्काच लागलेला नाही असं समजू नका. आणि हा बोनस तुम्हाला मिळणार नाही, तुमचा विमा त्या प्रमाणात महाग पडेल. तेवढे पैसे हिशेबात धरा.

मग येतो मीटर. 41,000 हा आकडा पुण्यात अगदी शक्य आहे. बरीच कुटुंबं आठवडाभर दुचाकीवर फिरतात आणि गाडी रविवारीच बाहेर काढतात. पण मीटर मागे फिरवणं आज लॅपटॉपवरचं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळे आकडा जुळवून बघितल्याशिवाय धरू नये. मालकाला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा सगळा इतिहास मागा. तो त्याच्या फोनवरच्या अॅपमध्ये किंवा सेंटरकडून मिळतो. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. मागच्या वर्षी एक गाडी 46,000 किलोमीटरची म्हणून माझ्याकडे आली. 2021 च्या जॉबकार्डवर 71,000 लिहिलेले होते, आणि त्यानंतर गाडी कंपनीच्या सर्व्हिसला गेलेलीच नव्हती. नेमक्या जिथून नोंदी थांबतात तिथून पुढे बारकाईने बघायचं.

नोंदी नसतील तर टायर बोलतात. टायरच्या बाजूला डीओटी अशा अक्षरांपाशी लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 3818 म्हणजे 2018 चा अडतिसावा आठवडा. तुमची गाडी खरंच 41,000 चालली असेल तर तिच्यावर एक तर 2018 चे मूळ टायर घासत आलेले असतील, नाही तर नुकतेच बदललेले नवे असतील. 2021 चे टायर असतील आणि तेही गुळगुळीत झालेले असतील, तर गाडीचा हा दुसरा संच संपला आहे आणि 41,000 चा हिशेब बसत नाही. मालकाला चारही टायरच्या त्या आकड्यांचे फोटो पाठवायला सांगा. स्टेपनीचाही फोटो मागा, तिची तारीख बहुधा गाडीच्या जन्माची असते. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची पकडायची जागा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड यांचेही फोटो जवळून घ्यायला सांगा. सीटकव्हर नवीकोरी असतील तर ती उचलून मूळ कापड दाखवायला सांगा.

एवढं जुळलं तरच तपासणी. इथे हात आखडता घेऊ नका. पुण्यात स्वतंत्र तपासणीला साधारण दीड ते अडीच हजार रुपये पडतात, आणि साडेचार लाखांच्या व्यवहारात हे सगळ्यात सार्थकी लागणारे पैसे आहेत. तपासणारा माणूस तुम्ही निवडा, मालकाने सुचवलेला नको. ज्याला गाडी विकली गेल्यावर कमिशन मिळतं तोही नको. ‘नका घेऊ’ म्हटलं तरी ज्याचे पैसे तेवढेच राहतात, अशालाच पाठवा.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मला पहिली काळजी पाण्याची आहे. डिसेंबर 2018 मध्ये रस्त्यावर आलेल्या गाडीने काय काय पाहिलं असेल, हिशेब करा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरचा महापूर. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात गाड्या एकमेकींवर चढल्या. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी भरलं. अशा गाड्यांचं पुढे काय होतं? विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवून लिलावात काढते. कोणीतरी त्या उचलतो, धुतो, वाळवतो, सीट बदलतो, आणि सहा महिन्यांनी त्या दुसऱ्या शहरात ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’ म्हणून जाहिरातीत येतात. गाडी चालतेही. त्रास पुढे सुरू होतो: वायरिंगच्या सांध्यांत हिरवट गंज धरतो, पॉवर विंडो मध्येच थांबते, पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागतो, गाडी कधीतरी घाटात बंद पडते. कोणता मेकॅनिक कुठली वायर शोधणार?

रत्नागिरीच्या एका गृहस्थांसाठी मी अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. पांढरी, पाच वर्षांची, आतून नव्यासारखी. बोनेट उघडलं, सगळं स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ, कारण पाच वर्षं चाललेल्या गाडीच्या इंजिनवर थोडी धूळ-तेलाची पुटं असतातच. आत बसलो आणि ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. आपण बेल्ट लावताना तो जेमतेम अर्धा बाहेर येतो, उरलेला खालच्या गुंडाळीत कायम दडलेला असतो. त्यामुळे गाडी धुणारा तो कधी धूत नाही. वरचा पट्टा मऊ, काळाभोर होता. शेवटचा हात-दीड हात मात्र कडक लागला, आणि त्याच्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती. बोटाने खरवडलं तर बारीक गाळ नखात आला. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट पाहिले, गंजलेले. डिकीतली स्टेपनी काढली, खालच्या खोबणीत तोच गाळ. मालकाला दोष देत नाही, त्यानेही ती दुसऱ्याकडूनच घेतली होती आणि बेल्ट बघून त्याचाही चेहरा पडला. म्हणून तुम्ही कोणालाही पाठवा, त्याला पहिलं सांगा: चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून व्हिडिओ काढ.

दुसरी काळजी मोठ्या अपघाताची. डेंट काढणं, रंग मारणं यात गैर काही नाही, पुण्याच्या रहदारीत सात वर्षांत दार-बंपर रंगवलेला असणारच. बघायची ती पुढची एप्रन, चेसिसच्या दांड्या, पिलर, म्हणजे गाडीचा सांगाडा. तिथे कारखान्याचं वेल्डिंग एकसारख्या गोल ठिपक्यांचं असतं, हाताने केलेलं वेगळं ओळखू येतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. मूळ रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन दाखवतो. दोनशेच्या वर गेला तर पुन्हा रंगवला आहे, आणि आकडा पाचशे-हजारावर गेला तर खाली पुट्टी भरली आहे. दारावर तीनशे दिसले तर मी फक्त लिहून ठेवतो. छतावर किंवा पिलरवर दिसले तर गाडी उलटली होती का, हा प्रश्न उभा राहतो.

किल्ली ‘ऑन’च्या टप्प्यापर्यंत फिरवली, इंजिन सुरू न करता, की मीटरवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि काही सेकंदांत एअरबॅग, एबीएसचे दिवे विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागून राहिला तर दोष आहे, हे सगळ्यांना कळतं. तो मुळात लागलाच नाही तर ते जास्त वाईट. एअरबॅग एकदा फुटल्यावर नवी बसवायचा खर्च टाळून दिव्याचाच बंदोबस्त केलेला असू शकतो. याचा व्हिडिओ मालकाकडून आजच मागता येईल.

शेवटी स्कॅनर. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की इंजिनच्या संगणकातले दोष दिसतात. पण विकण्याआधी ते पुसून टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून ‘एकही दोष नाही’ या निकालावर मी थांबत नाही. त्याच संगणकात आणखी एक नोंद असते: दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. एकदा तिथे 14 किलोमीटर दिसले. म्हणजे आदल्या दिवशी कुणीतरी दोष पुसून गाडी माझ्यासमोर आणली होती. मी गाडी घेऊन बंगळूर महामार्गाने कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे जाऊन परत आलो, तासाभरात इंजिनचा दिवा लागला. सगळ्याच तपासनीसांना ही नोंद बघायची सवय नसते, तुम्ही नाव घेऊन विचारा.

इंजिन थंड असताना सुरू करणं फार महत्त्वाचं आहे. मालक ‘मी गरम करून ठेवतो’ म्हणाला तर नको म्हणा. सकाळी साताची वेळ घ्या. थंड इंजिनचा आवाज, सायलेन्सरचा धूर, आयडलिंग यातून जे कळतं ते तापलेल्या इंजिनातून कळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा चालतो, पण गाडी तापल्यावरही राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता धरा. तुमच्यासाठी क्लच आणि कूलिंग जास्त महत्त्वाचं आहे, कारण कोल्हापूरला जायचं म्हणजे आंबोली घाट चढायचा, तोही वडिलांना घेऊन. तपासणाऱ्याला सांगा की गाडी सपाट रस्त्यावर चालवून परत देऊ नको, चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढून बघ. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी पुढे जात नाही, ते चढावरच कळतं.

व्हिडिओ कॉलही करा, पण आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ स्वीकारू नका. कॉलवर तुम्ही सांगाल तिकडे कॅमेरा फिरला पाहिजे. फोटोंबद्दल एकच गोष्ट सांगतो: ओल्या गाडीच्या फोटोंवर भरवसा ठेवू नका. पाण्याने ओरखडेही लपतात आणि दोन पत्र्यांच्या रंगातला फरकही लपतो.

आता पैसे. नाशिकची पार्टी खरी असू शकते. चांगली गाडी खरंच चार दिवसांत जाते, आणि मालकाने टोकन मागणं यात काही गैर नाही. कागद जुळले आणि तपासणीची वेळ ठरली की दोन हजार, फार तर पाच हजार पाठवा, आणि त्याआधी मेसेजवर लिहून घ्या: गाडी नंबर अमुक, ठरलेली किंमत अमुक, तपासणीत पसंत न पडल्यास ही रक्कम परत. एवढं लिहायला जो तयार नाही, त्याची गाडी नाशिकला जाऊ द्या. आधी एक रुपया पाठवून बघा. बँकेच्या खात्यावर जे नाव दिसेल ते आरसीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि पैसे मिळवण्यासाठी कोणालाही कधीच पिन टाकावा लागत नाही. ‘परताव्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हटलं की फोन ठेवा.

इथेच एका फसवणुकीबद्दल सांगतो, कारण तिला शिकलेली माणसंही बळी पडतात. समोरचा म्हणतो मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, लष्करी वाहतुकीने तुमच्या दारात येईल, फक्त आधी वाहतूक खर्च पाठवा. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. किंमत बाजारभावापेक्षा लाखभर कमी असते. गाडी नसतेच. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न करता सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

गाडीवर कर्ज असेल तर मालकाच्या हातात पूर्ण रक्कम देऊन ‘मी फेडतो’ या शब्दावर राहू नका. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र मागा, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, उरलेली मालकाला द्या. नंतर बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म 35 मिळाल्याशिवाय आरसीवरचं बँकेचं नाव निघत नाही. कर्ज फिटलेलं आहे पण आरसीवर ‘एचपी’, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, तशीच आहे, असंही पुष्कळदा असतं. ते काम विकणाऱ्याने आधी करून द्यायचं.

उरलेली मोठी रक्कम गाडी ताब्यात घेतानाच द्या, बँकेतून. त्या वेळी नाव बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची कागदपत्रं हातात हवीत. दुसरी किल्ली नसेल तर नवी बनवायला आजकाल बरेच पैसे लागतात. गाडी ताब्यात दिल्याची पावती करा, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही घाला, कारण तुमच्या आणि मालकाच्या आपसातल्या हिशेबात त्या वेळेनंतरच्या चलनांची आणि अपघाताची जबाबदारी तुमची. दहा-पंधरा हजार रुपये नाव बदलेपर्यंत राखून ठेवायचं आधीच बोलून ठेवा, प्रामाणिक मालक सहसा नाही म्हणत नाही. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. तसं न केल्यास तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण राहतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. मालकानेही नाव बदलण्याची घाई करावी हे त्याच्याच हिताचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. मालक चालढकल करत असेल तर हे त्याला सांगा, काम लगेच होतं.

एमएच-12 ची गाडी सिंधुदुर्गात आणली तरी नंबर तोच राहतो आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, राज्य एकच आहे. आरटीओ बदलतंय म्हणून आणखी कोणते कागद लागतील ते मात्र तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा.

यावरूनच म्हापशाच्या गाडीकडे येतो. गोवा पासिंगची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी गोव्याच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म 28, गाडीवर गुन्हा नसल्याचा दाखला आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. इथे पेट्रोल गाडीचा टॅक्स नवेपणी किमतीच्या 11 टक्क्यांपासून सुरू होतो, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी 40,000 ची बचत त्यात बरीचशी विरघळते. तुमच्या भागात गोव्याच्या नंबरवरच वर्षानुवर्षं फिरणाऱ्या गाड्या दिसतात हे मला माहीत आहे. त्या मार्गाने जाऊ नका, नाक्यावर अडवल्यावर वडील गाडीत असतील. पण म्हापसा तुमच्यापासून साधारण तासाभरावर आहे. एखाद्या रविवारी ती गाडी स्वतः चालवून बघता येईल, आणि हा फायदा पुण्याच्या गाडीला नाही. म्हणून सिंधुदुर्गच्या आरटीओत त्या गाडीचा टॅक्स नेमका किती बसेल ते विचारा. किंमत अधिक टॅक्स धरून ती पुण्याच्या गाडीइतकीच पडत असेल, तर मी म्हापशाची आधी बघेन. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्या तुम्हाला त्याच अॅपवर दिसतील. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून, त्या देशभर विकल्या जातात. छोट्या अंतरासाठी, महिन्यातून एकदा कोल्हापूर एवढ्या वापराला डिझेल तुम्हाला नकोच.

खासगी मालकाऐवजी एखाद्या मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून घ्यावी का, असंही तुमच्या मनात असेल. किंमत वीस-तीस हजारांनी जास्त पडते, पण काही कंपन्या ठरावीक दिवसांत गाडी परत घेतात आणि काही महिन्यांची वॉरंटी देतात. दुरून घेणाऱ्याला याचं मोल आहे. फक्त परत करायच्या अटी पैसे भरण्याआधी वाचा: किती किलोमीटरच्या आत, वाहतुकीचा खर्च कोणाचा, वॉरंटीत क्लच-सस्पेन्शन येतं का. बहुतेकदा येत नाही. कंपनीचा दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल असला तरी माणूस आपला पाठवा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात आल्याचं कळवावं लागतं, ते आहे का हेही विचारा. डीलरशी व्यवहार फसला तर ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, 2019 च्या कायद्याने ही सोय दिली आहे. खासगी मालकाविरुद्ध ही वाट सहसा मिळत नाही, म्हणून तिथे कागद अधिक काटेकोर हवेत.

सगळं जमलं तर गाडी आणायची कशी? तपासणाऱ्याच्या ओळखीचा विश्वासू ड्रायव्हर एका दिवसात कोल्हापूरमार्गे आणून देईल, पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहे. ट्रकवर चढवून आणायची तर चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो आणि मीटरचा फोटो, आणि वाहतुकीचा विमा. ड्रायव्हर आणणार असेल तर निघण्याआधी मालकाचा फास्टॅग बंद करून तुमच्या नावाचा काढा, नाहीतर टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल आणि पहिल्याच दिवशी वाद. आल्या आल्या आठवडाभरात इंजिन ऑइल, दोन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, आधीच्या नोंदी काहीही म्हणोत. वडिलांना घेऊन आंबोली चढण्याआधी एकदा एकट्याने किंवा ओळखीच्या ड्रायव्हरला बरोबर घेऊन घाट चढून-उतरून या, तापमानाच्या काट्यावर किंवा दिव्यावर लक्ष ठेवून.

आज संध्याकाळी मालकाला फोन करून चार गोष्टी मागा: आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, विम्याची पॉलिसी, टायरचे आकडे, आणि किल्ली फिरवल्यावर मीटरवरचे दिवे दाखवणारा व्हिडिओ. ते आले की इथेच टाका, आरसीवरचा पत्ता आणि चेसिस नंबर झाकून. मी बघून सांगतो तपासणीवर पैसे खर्च करण्यासारखी गाडी आहे की नाही.